पॉलिश करूनही गाडीच्या सांदीकोपऱ्यांत परत येणारी पांढुरकी झाक : निदान आणि उपाय

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील गाडीमालकांकडून एक तक्रार सातत्याने ऐकू येते. बोनेट, छप्पर आणि दरवाज्यांचे सपाट भाग एकदा नीट पॉलिश केले की कित्येक महिने समाधानकारक राहतात. परंतु दरवाज्याच्या हँडलमागची वाटी, बाजूच्या आरशाचा बुंधा, बंपरच्या जाळीभोवतीच्या पट्ट्या, डिकीवरील अक्षरांमधल्या फटी आणि नंबरप्लेटच्या कडा या ठिकाणी मात्र दोन-चार वेळा गाडी धुतली की पूर्वीचीच पांढुरकी झाक, बारीक ओरखड्यांची जाळी किंवा पाण्याचे ठिपके पुन्हा दिसू लागतात. मग पुन्हा कंपाउंड (ओरखडे घासून काढणारे जाडे पॉलिश), पुन्हा पॉलिश आणि पुन्हा काही आठवड्यांची चकाकी असा क्रम सुरू होतो. या प्रत्येक फेरीत रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, थोडा थोडा झिजत असतो आणि तो भरून निघत नाही. त्यामुळे हा क्रम केवळ कंटाळवाणा नाही, गाडीच्या रंगासाठी घातकही आहे.

माझे स्पष्ट मत असे आहे की, या जागांत पॉलिश कमी पडल्यामुळे दोष परत आला असे क्वचितच घडते. बहुतेक वेळा दोष नेमका कोणता हे न ओळखताच त्यावर पॉलिश चालवलेले असते, किंवा दोष जागेवरच असताना पॉलिशमधील तेलांमुळे तो काही काळ झाकला गेलेला असतो. म्हणून पुढील मजकुरात पॉलिशचे यंत्र आणि त्याला लावायचा फोमचा पॅड यांच्याइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, जागा निदानाला दिली आहे.

झाक कशाची आहे, हे आधी ठरवावे

तपासणीपूर्वी ती जागा शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी केलेली असावी आणि गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड लागेल अशा अवस्थेत असावी. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमधील ट्यूबलाइटचा पसरट उजेड या कामी फारसा उपयोगी पडत नाही. मोबाइलच्या किंवा लहान एलईडी टॉर्चच्या एका बिंदूतून येणारा प्रकाश तिरपा टाकून तो सावकाश फिरवत पाहिले, तरच ओरखडा कोणता आणि डाग कोणता हे वेगळे ओळखता येते.

पहिली तपासणी साधी आहे. दात कोरण्याच्या लाकडी काडीभोवती मायक्रोफायबरचा ओलसर तुकडा गुंडाळून तो फटीतून हलकेच फिरवावा. कापडावर पांढरी पूड आली, तर तो रंगातील दोष नसून मागच्या वेळच्या कंपाउंडचा वाळलेला थर आहे. हा थर ओला असताना पारदर्शक दिसतो आणि वाळला की पुन्हा पांढरा होतो. म्हणूनच गाडी धुताना तो निघून गेल्यासारखे वाटते आणि गाडी वाळताच तो जागेवर दिसतो. अक्षरांच्या फटी, रबरी बिडिंगच्या कडा आणि इंधनाच्या झाकणाभोवतीची खाच येथील ‘परत येणारी’ झाक बहुधा याच प्रकारची असते. तिच्यावर पुन्हा कंपाउंड चालवणे म्हणजे आहे त्या थरात भर घालणे होय.

दुसरी तपासणी पाण्याच्या क्षारांची. स्वयंपाकघरातील पांढरे व्हिनेगर आणि तेवढेच पाणी एकत्र करून त्यात भिजवलेले मऊ कापड त्या जागेवर मिनिटभर ठेवावे आणि नंतर ती जागा भरपूर पाण्याने धुवावी. ठिपके गेले किंवा बरेच फिके झाले, तर ते वर बसलेले कॅल्शियमचे क्षार होते असे समजावे. क्षार निघूनही ठिपक्याची गोल कड तिरप्या उजेडात दिसतच राहिली, तर क्षारांनी क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडलेला आहे आणि तेथे पॉलिशची खरोखर गरज आहे. तापलेल्या पत्र्यावर ही तपासणी करू नये आणि व्हिनेगर तेथेच वाळू देऊ नये.

तिसरी तपासणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण ‘पॉलिश टिकत नाही’ या तक्रारीचे मूळ बहुधा तिच्यातूनच उघड होते. औषधांच्या दुकानात मिळणारे ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्याच्या दुप्पट डिस्टिल्ड पाण्यात मिसळून, पॉलिश केलेल्या भागावर फवारावे आणि स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यावे. बॅटरीत घालण्यासाठी पेट्रोल पंपावर मिळणारे डिस्टिल्ड पाणी या कामासाठी पुरेसे आहे. अनेक पॉलिशमध्ये वंगणासाठी तेले असतात, तर काहींमध्ये ओरखडे भरून झाकणारी द्रव्येही असतात. ती पुसली गेल्यावर ओरखडे पुन्हा दिसू लागले, तर ते मुळात निघालेलेच नव्हते. दोन-चार वेळा शाम्पूने धुतल्यावर जे उघडे पडले असते, ते आपण काही मिनिटांत पाहिले इतकेच. गॅरेजमध्ये नव्याने रंगवलेल्या भागावर मात्र रंग पुरता पक्का होईपर्यंत, म्हणजे किमान महिनाभर, ही तपासणी करू नये.

ओरखड्यावरून नख आडवे फिरवल्यास ते अडकत असेल, तर तो ओरखडा इतका खोल आहे की पॉलिशने तो काढण्याचा हट्ट धरू नये. तसेच एखाद्या ठिकाणी नकाशातील बेटासारखी कड असलेला, आत खडूसारखा कोरडा दिसणारा पट्टा असेल, तर तेथील क्लिअर कोट सुटू लागला आहे. छपराच्या कडा, आरशांचा वरचा भाग आणि स्पॉयलर या सतत उन्हात असणाऱ्या जागी हे अधिक आढळते. त्यावर तेल किंवा मेण लावले की पट्टा काही दिवस गडद दिसतो, पण तो भाग पुन्हा रंगवण्याखेरीज त्यावर उपाय नाही.

एकाच गाडीत दोन वेगळी कारणे एकाच वेळी असू शकतात, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. घोडबंदर रस्त्यावरील एका सोसायटीतील गडद निळ्या सेडानच्या चारही हँडलांच्या वाट्या वरवर सारख्याच मळकट दिसत होत्या आणि चारही ठिकाणी वेळोवेळी एकच पॉलिश लावले जात होते. तिरप्या उजेडात पाहिल्यावर चालकाच्या बाजूच्या वाटीत नखांच्या आणि किल्लीच्या आडव्या रेघा दिसल्या, तर क्वचितच उघडल्या जाणाऱ्या मागच्या दरवाज्यांच्या वाट्यांत रेघा जवळजवळ नव्हत्याच. तेथे होते ते हँडलच्या आतून गळणाऱ्या पाण्याचे ओघळ. मागच्या वाट्या व्हिनेगरनेच पुष्कळशा स्वच्छ झाल्या. ज्या दरवाज्याला हात फारसा लागत नाही, त्याच्या वाटीतील झाक ओरखड्यांची असण्याची शक्यता कमीच, एवढा विचार आधी झाला असता तर मागच्या वाट्यांवरचे सारे कंपाउंडिंग टळले असते.

कोपऱ्यात रंग आणि यंत्र वेगळे का वागतात

कारखान्यातून येणाऱ्या आजच्या गाडीवर प्रायमरपासून क्लिअर कोटपर्यंत सर्व थर मिळून साधारणपणे १०० ते १५० मायक्रॉन जाडी असते आणि त्यातील क्लिअर कोट सुमारे ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सूर्याची अतिनील किरणे शोषून घेणारी द्रव्ये याच क्लिअर कोटमध्ये असतात, त्यामुळे तो जितका पातळ होईल तितके खालच्या रंगाचे संरक्षण घटते. ओला रंग पृष्ठताणामुळे टोकदार कंगोऱ्यावरून मागे सरकतो आणि तेथे मुळातच पातळ बसतो. वर पॉलिश करताना हाताचा किंवा यंत्राचा सगळा दाब त्याच अरुंद कंगोऱ्यावर येतो. दरवाज्याच्या चौकटीत आणि डिकीच्या आतल्या कडेला तर कारखान्यातूनच थर कमी असू शकतो. सपाट बोनेटवर चालून जाणारी पद्धत या जागी चालत नाही, ती या दुहेरी कारणाने.

यंत्राचेही तसेच आहे. आपल्याकडे डिटेलिंगसाठी बहुतांशी वापरले जाणारे ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर पॅडला एका लहान वर्तुळात हलवते आणि त्याच वेळी पॅड स्वतःभोवतीही सैलपणे फिरतो. हे स्वतःभोवती फिरणे सक्तीचे नसल्यामुळे खोलगट किंवा फुगीर जागी पॅडची कड दाबली गेली की ते थांबते. पॅड नुसता थरथरत राहतो, उष्णता वाढते, पण ओरखडे निघत नाहीत आणि मागे धुरकट पट्टा उरतो. बॅकिंग प्लेटच्या, म्हणजे पॅड ज्या चकतीवर बसवतात तिच्या, कडेवर मार्करने एक ठळक रेघ मारून ठेवली, तर ती रेघ फिरते आहे की नाही यावरून पॅड थांबल्याचे लगेच कळते. बिनखर्चाची ही खूण प्रत्येकाने करून ठेवावी.

लहान पॅड लावल्याने अडचण निम्मीच सुटते. एकाच वेगाने फिरणाऱ्या २५ मिलिमीटरच्या पॅडच्या कडेची गती ७५ मिलिमीटरच्या पॅडच्या कडेच्या एक तृतीयांश असते. पॅड ज्या लहान वर्तुळात हलतो, त्याच्या व्यासाला यंत्राचा फेरा म्हणतात. १५ मिलिमीटर फेऱ्याच्या यंत्रावर पॅड एका फेरीत सुमारे ४७ मिलिमीटर प्रवास करतो, तर चिंचोळ्या जागांसाठी वापरल्या जाणाऱ्या ३ मिलिमीटर फेऱ्याच्या लहान यंत्रावर तो जेमतेम साडेनऊ मिलिमीटर सरकतो. साहजिकच तेच पॉलिश वापरूनही लहान यंत्राने ओरखडा निघायला कितीतरी जास्त वेळ लागतो. येथे अनेकजण घाईने दाब वाढवतात. त्याऐवजी दाब हलका ठेवून फेऱ्या वाढवाव्यात आणि दर काही फेऱ्यांनंतर थांबून बोटाच्या मागच्या बाजूने पत्र्याची उष्णता पाहावी. कोमटाहून अधिक तापला असेल तर तो निवेपर्यंत दुसऱ्या जागी काम करावे.

बंपर, आरशांची टोपणे आणि स्पॉयलर बहुतेक गाड्यांत प्लास्टिकचे असतात, आणि प्लास्टिक उष्णता फारशी वाहून नेत नाही. पत्र्यावर जी उष्णता आजूबाजूला पसरते, ती प्लास्टिकवरील रंगात एकाच जागी साचते आणि रंग मऊ पडून खराब होऊ शकतो. रंगाची जाडी मोजणारी सर्वसाधारण उपकरणे धातूवरच चालतात, त्यामुळे बंपरवर किती रंग शिल्लक आहे हे त्यांवरून कळत नाही. या दोन कारणांसाठी प्लास्टिकच्या वळणदार भागांवर रोटरी यंत्र, म्हणजे पॅडला सक्तीने एकाच अक्षाभोवती फिरवणारे यंत्र, अजिबात चालवू नये, असा माझा आग्रह आहे.

पॉलिशपूर्वीची तयारी

कोपऱ्यात अडकलेली धूळ पॅडखाली आली, तर आपणच नवे ओरखडे पाडतो. घोडबंदर रस्त्यावरील मेट्रोचे बांधकाम, ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि अवजड वाहनांची वर्दळ यांमुळे या भागातील धुळीत सिमेंट व दगडाचे कण भरपूर असतात. वाशी, नेरूळ किंवा बेलापूर स्थानकालगतच्या वाहनतळात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर त्याखेरीज रेल्वेच्या रुळांचे आणि ब्रेकचे बारीक लोखंडी कणही बसतात. म्हणून शाम्पूच्या फेसात बुडवलेल्या मऊ डिटेलिंग ब्रशने सर्व फटी, बिडिंगच्या कडा आणि अक्षरांमधील जागा आधी मोकळ्या कराव्यात. हात फिरवताना रंग खरखरीत लागला, तर आयर्न रिमूव्हर, म्हणजे रुतलेले लोखंडी कण विरघळवणारा द्रव, फवारावा. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होतो. हातमोजे घालावेत आणि द्रव वाळण्यापूर्वी धुऊन टाकावे. त्यानंतरही खरखर राहिली तर क्ले बारचा, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मातीसारख्या मऊ वडीचा, लहान तुकडा तोडून, बोटाच्या टोकाएवढा चपटा करून, भरपूर शाम्पूच्या पाण्यासोबत फिरवावा. क्ले जमिनीवर पडल्यास तो तुकडा टाकून द्यावा. त्यात रुतलेला एक खडाही पुरे असतो.

टेप लावण्याचा कंटाळा करू नये. वाहनांच्या रंगकामासाठी मिळणारा निळा किंवा हिरवा मास्किंग टेप बिडिंग, न रंगवलेले काळे प्लास्टिक, अक्षरे आणि तीक्ष्ण कंगोरे यांवर लावावा. कंगोऱ्यावर टेप लावून त्याच्या दोन्ही बाजू पॉलिश कराव्यात आणि शेवटी टेप काढून कंगोऱ्यावरून हाताने एक-दोनदा सौम्य पॉलिश फिरवावे, एवढे पुरते. खोकी बंद करायचा तपकिरी टेप वापरू नये, आणि कोणताही टेप उन्हात किंवा रात्रभर ठेवू नये. त्याचा गोंद रंगावर राहतो. काळ्या प्लास्टिकवर कंपाउंड लागून पांढरे डाग आधीच पडले असतील, तर पेन्सिलचा पांढरा खोडरबर बऱ्याचदा काम करतो.

जागेनुसार पद्धत

हँडलमागची वाटी ही सर्वांत अधिक तक्रारीची जागा, म्हणून तिच्याविषयी सविस्तर लिहितो. हँडल पुढे येत असल्याने तेथे ७५ मिलिमीटरचा पॅड बहुधा शिरतच नाही, आणि तिरका घुसवला तर बॅकिंग प्लेटची कड रंगावर घासते. लहान यंत्र नसेल तर येथे हातानेच काम करणे श्रेयस्कर. जुन्या, स्वच्छ फोम पॅडचा दोन बोटांएवढा तुकडा कापून घ्यावा, त्यावर मटाराच्या निम्म्या आकाराचा पॉलिशचा थेंब लावावा आणि बोटांच्या टोकांनी नव्हे, तर पेरांच्या सपाट भागाने दाब देत तो फिरवावा. टोकाने दाबल्यास बोटाखालच्या तेवढ्याच जागेवर सारा जोर येऊन तेथे वेगळा चकाकणारा ठिपका तयार होतो. नखांच्या रेघा आडव्या असतात; त्यांना छेदून जाणाऱ्या दिशेत आधी आणि शेवटी गाडीच्या लांबीच्या दिशेत सरळ हात चालवावा, म्हणजे हाताच्या खुणा राहिल्याच तरी त्या कमी नजरेत भरतात. गोल गोल हात फिरवणे टाळावे. अंगठी, घड्याळ आणि कडे आधी काढून ठेवावे, आणि दुसऱ्या हाताने हँडल ओढून धरून वाटीचा वरचा भागही उघडा करावा. तो नेहमी सुटतो.

हाताने काम करताना पॉलिशची निवड निर्णायक ठरते. काही कंपाउंडमधील घर्षणकण यंत्राच्या दाबाखाली आणि वेगाखाली फुटून हळूहळू बारीक होतील अशा रीतीने बनवलेले असतात. हाताच्या हालचालीत ते पुरते फुटत नाहीत, जाडेच राहतात आणि पृष्ठभाग धुरकट करून ठेवतात. पॉलिश केल्यानंतर त्याच दिवशी दिसणारी झाक पुष्कळदा याचीच असते. सुरुवातीपासून बारीक असलेले आणि आकार न बदलणारे कण ज्यात असतात, असे मध्यम किंवा फिनिशिंग पॉलिश हाताच्या कामासाठी घ्यावे. जाडे कंपाउंड हातानेच वापरणे भाग पडले, तर त्यानंतर फिनिशिंग पॉलिशची वेगळी फेरी, वेगळ्या फोमने, टाळता येणार नाही.

आरशाचा बुंधा आणि त्याखालचा दरवाज्याचा त्रिकोणी भाग यांसाठी आरसा दुमडून दोन्ही अवस्थांत काम करावे. येथे २५ किंवा ५० मिलिमीटरचा फोम आणि कमी फेऱ्याचे यंत्र उत्तम चालते. खिडक्यांमधील खांब, म्हणजे पिलर, अरुंद पण बव्हंशी सरळ असतात. तेथे ७५ मिलिमीटरचा पॅड पुरतो. मात्र ते चकचकीत काळ्या प्लास्टिकचे असतील, तर ओरखडे अत्यंत लवकर उठतात आणि सर्वांत मऊ फोमनेच काम करावे लागते.

बंपरच्या जाळीभोवतीच्या पट्ट्या, धुक्याच्या दिव्यांच्या खोबणी आणि स्पॉयलरखालची सांद या जागी हात आणि फोमचा तुकडा हेच खरे साधन आहे. पार्किंग सेन्सरच्या रंगवलेल्या चकत्यांवर यंत्र नेऊ नये, आणि ज्या गाड्यांत पुढच्या लोगोमागे किंवा बंपरमध्ये रडार बसवलेले आहे तेथे दाब देऊन घासू नये.

नंबरप्लेटविषयी थोडे वेगळे सांगावे लागेल. पूर्वी दोन स्क्रू काढून प्लेट बाजूला करता येत असे. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक झाली आणि पुढे महाराष्ट्रात त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवून घेणे आवश्यक ठरले. या प्लेटचे स्नॅप लॉक, म्हणजे एकदाच बसणारे खिळे, तोडल्याशिवाय निघत नाहीत. त्यामुळे एमएच-०४ असो वा एमएच-४३, पॉलिशसाठी प्लेट काढण्याचा विचार करू नये. प्लेटच्या कडेवर आणि अक्षरांवर टेप लावून भोवतालचा भाग हाताने करावा, प्लेटमागची जागा ब्रश व पाण्याने धुऊन हवेने वाळवावी आणि तेथे पॉलिशचा नाद सोडावा. त्या जागेकडे कोणाचे लक्ष जात नाही, पण तेथे साचलेले पाणी ओघळून खालच्या रंगावर डाग पाडते.

डिकीवरील अक्षरे काढणे शक्य असले तरी केवळ पॉलिशसाठी मी ती काढण्याचा सल्ला देणार नाही. अक्षरांच्या मधल्या जागेत काडीभोवती गुंडाळलेला मायक्रोफायबर आणि अगदी थोडे पॉलिश पुरते. दरवाज्यांच्या आतील चौकटी स्वच्छ करून नुसते मेण लावले तरी चालते.

काम झाल्यावरची तपासणी

पॉलिश वाळण्याची वाट न पाहता पुसून घ्यावे. ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांतील उकाड्यात पाण्यावर आधारित कंपाउंड काही क्षणांत कोरडे पडते, त्याची पूड होते आणि ती प्रत्येक फटीत जाऊन बसते. म्हणून या दिवसांत सकाळी लवकर आणि एका वेळी एकच छोटी जागा घ्यावी. टेप काढल्यावर ओलसर मऊ ब्रश आणि कापड सर्व फटींतून फिरवावे, मग अल्कोहोलचे तेच मिश्रण वापरून पुसावे आणि तिरप्या उजेडात पाहावे. या पुसण्यानंतर जे दिसते तेच खरे फलित होय. मेण, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग यांपैकी जो संरक्षक थर द्यायचा तो त्यानंतरच लावावा, कारण तेलकट पृष्ठभागावर तो नीट धरत नाही आणि कोपऱ्यांतून आधी सुटू लागतो.

पुसताना कापडावर गाडीच्या रंगाचा अंश येत असेल, तर घाबरण्यापूर्वी एक शक्यता तपासावी. काही जुन्या व कमी किमतीच्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या रंगाच्या, वेगळा क्लिअर कोट नसतो. तेथे रंगच पॉलिश होत असतो आणि कापडाला तो लागणे स्वाभाविक आहे. गाडी मेटॅलिक रंगाची असेल आणि तरीही कापडावर रंग आला, तर मात्र क्लिअर कोट संपला आहे असे समजून तत्काळ थांबावे.

याच टप्प्यावर किती ओरखडे ठेवायचे याचाही निर्णय घ्यावा. हँडलच्या वाटीतील ओरखडे सत्तर-ऐंशी टक्के कमी झाले की मी थांबतो आणि इतरांनाही तेच सांगतो. ती जागा रोज हाताळली जाणार आहे, नव्या रेघा पडणारच आहेत, आणि पुढच्या वर्षांसाठी तेथे थर शिल्लक असणे हे आजच्या निर्दोष चकाकीपेक्षा अधिक मोलाचे आहे.

दोष परत येऊ नये म्हणून

आपल्या सोसायट्यांत पहाटे एकच कापड आणि एकच बादली घेऊन ओळीने अनेक गाड्या पुसल्या जातात. कापडात आधीच्या गाडीची रेती असते, आणि कोपऱ्यांत तर कापडाचे टोक बोटाने दाबून फिरवले जाते. गाडी पुसणाऱ्या व्यक्तीचा यात दोष नाही. ठरलेल्या वेळेत ठरलेल्या गाड्या पूर्ण करायच्या असतात. त्यांच्याशी नीट बोलून फक्त काचा आणि चाके पुसण्याचे ठरवावे, किंवा आपल्या गाडीसाठी वेगळी मायक्रोफायबर कापडे द्यावीत आणि रंगाला पाणी मारल्याशिवाय कापड लावू नये असे सांगावे. रोज कोरडे पुसलेल्या गाडीपेक्षा आठवडाभर धूळ खात उभी राहिलेली आणि मग नीट धुतलेली गाडी रंगाच्या दृष्टीने अधिक सुस्थितीत राहते.

पाणी कोणते वापरले जाते तेही विचारून घ्यावे. नवी मुंबईला मोरबे धरणाचे, तर ठाण्याला मुख्यत्वे उल्हास आणि भातसा नद्यांचे पाणी येते. ते सौम्य असते आणि फारसे डाग पाडत नाही. परंतु गाड्या धुण्यासाठी बऱ्याच सोसायट्यांत बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी दिले जाते. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात आणि खाडीलगतच्या भागात खारेपणाही असू शकतो. अशा पाण्याने धुणे भाग असेल, तर शेवटचा हात तरी नळाच्या पाण्याचा द्यावा आणि गाडी उन्हात वाळू देऊ नये.

धुतल्यानंतर आरसे, हँडल, नंबरप्लेट आणि बिडिंग यांच्या आत साठलेले पाणी पुढचा अर्धा-पाऊण तास ओघळत राहते. हातातला छोटा ब्लोअर असल्यास या फटींतून हवा मारावी. नसल्यास हँडल दोन-तीनदा ओढून सोडावे, आरसे दुमडून उघडावेत, गाडी थोडी चालवून आणावी आणि मग ओघळ पुसावेत. जून ते सप्टेंबर या काळात सततच्या पावसामुळे क्षार वाळून बसण्याचा प्रश्न कमी होतो; तो ऑक्टोबरच्या उन्हात अचानक वाढतो. कोपऱ्यांतील मेणाचा थर पावसाळा संपताच पुन्हा लावणे म्हणूनच योग्य.

हँडलच्या वाटीसाठी पारदर्शक संरक्षक फिल्म लावणे हा सर्वांत टिकाऊ उपाय आहे. चांगली टीपीयू (एक लवचिक प्लास्टिक) फिल्म साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची, म्हणजे क्लिअर कोटच्या कितीतरी पट जाड असते आणि नखांचे ओरखडे स्वतःवर घेते. ॲक्सेसरीजच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त पीव्हीसी चकत्या उन्हाने पिवळ्या पडतात आणि काढताना गोंद मागे ठेवतात, त्या घेऊ नयेत. फिल्म पॉलिशनंतर लगेच, अल्कोहोलने पुसलेल्या कोरड्या वाटीवर आणि मेण लावण्यापूर्वी बसवावी. तिच्या कडेला मळाची काळी रेघ धरू लागली की शाम्पू आणि मऊ ब्रशने ती वेळच्या वेळी काढावी. कड उचलली गेली असेल, तर फिल्म हेअर ड्रायरने कोमट करून पत्र्याला जवळजवळ समांतर ठेवत सावकाश ओढून काढावी आणि नवी लावावी.